खड्ड्यात शिजलेलं अंडं

फर्दापूरच्या सरकारी बंगल्यामागं, जिथं खानसामा वहाबभाई खरकटं नि चहाचा चोथा टाकायचा, तिथं एका वर्षी भोपळ्याचा वेल उगवला. कुणी लावला नव्हता, कुणी पाणी घातलं नव्हतं. तरी चार महिन्यांत त्यानं मागची भिंत झाकली, कौलांवर चढला, आणि एक भोपळा एवढा फुगला की त्याच्या वजनानं दोन कौलं सरकली. बंगल्यावर उतरणारे पाहुणे अजिंठ्याची लेणी बघायला जात. आवडाबाई तो वेल बघायला जायची.

आवडाबाई तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. बंगल्याचं आवार झाडणं, पाणी भरणं, चादरी धुणं ही तिची कामं. दुपारी ती आटोपली की शेत. शेत म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, सांडूच्या वाट्याला आलेलं तीन एकर. घाटाच्या पायथ्याचं, मुरमाड, पाऊल ठेवलं की करकरणारं. बाजरी कमरेवर जायची नाही. वांगं लिंबाएवढं झालं की तिथंच थांबायचं. सांडू सालस गडी. जमीन अशी आहे म्हणून पीक असं आहे, एवढ्यावर तो समाधानी होता. आवडाबाईचं तसं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ती सात-आठ वर्षांची होती. गावात लोक दारं लावून बसलेले, डोक्यावरून विमान गेलं, आणि सगळे चिडीचूप असताना ही आईला विचारत होती, की ते पंख न हालवता खाली कसं पडत नाही.

"वहाबभाई, ह्या वेलाला तुम्ही काय घालता?" तिनं एक दिवस विचारलंच.

वहाबभाई साठीकडं झुकलेला. निजामाच्या अमदानीपासून याच चुलीशी होता. "मैं क्या घालूंगा? कचरा फेकतूं. बाकी अल्ला घालता होगा."

"मग त्यो कचरा मला नेऊ द्या."

"ले जाव. पर कायकू?"

"बघायचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून आवडाबाई टोपलं भरून शेताकडं निघाली. चहाचा चोथा, कांद्याची नि बटाट्याची सालं, अंड्यांची टरफलं, आणि वहाबभाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यातली ताजी घाण. सासू लक्ष्मीबाईनं टरफलं बघितली आणि पदर नाकाला लावला. "अगं, माळकऱ्याचं घर आपलं. अंडी शेतात नेतीस?"

"अंडी नाय आत्याबाई, टरफलं हायती. चुन्यावानी."

"चुना पायजे तर चुना आण."

आवडाबाईनं ते सगळं मिरचीच्या रोपांच्या बुडाशी घातलं. चाळीस रोपं होती. पहिले चार दिवस ती सकाळ-संध्याकाळ वाकून बघत होती. पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आठव्या दिवशी पानं गळायला लागली. पंधरवड्यात तीस रोपं वाळून काड्या झाली.  सांडूनं एकेक काडी उपटून बांधावर टाकली. दोघांच्या वाटचं लक्ष्मीबाई बोलली.

आवडाबाईला रोपं गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तिला छळत होतं ते वेगळंच. तोच कचरा. तिकडं वेल कौलावर चढतो, इकडं मिरची मरते. हे कसं?

ती खुरपं घेऊन बंगल्यामागं गेली आणि वेलाच्या बुडाशी हळूहळू उकरायला लागली. वहाबभाई दारात उभा राहून बघत होता. वर कालपरवाचा कचरा, वास मारणारा. त्याखाली वीतभर अर्धवट कुजलेला, बुळबुळीत. आणि त्याच्याही खाली काळीभोर, भुरभुरीत माती. हातात घेतली तर चहा नाही, साल नाही, काही ओळखू येईना. वास यायचा तो जंगलातल्या पाचोळ्याखाली येतो तसा, चांगला. वेलाच्या पांढऱ्या मुळ्या फक्त त्या खालच्या थरात पसरल्या होत्या. वरच्या दोन थरांना त्या शिवल्यासुद्धा नव्हत्या.

"ह्ये कधीचं हाय?" तिनं ती माती वहाबभाईच्या हातावर ठेवली.

वहाबभाईनं बोटांनी चोळली, वास घेतला. "पाच-छे बरस का होगा. मोठ्या साहेबाची पार्टी झाली होती ना, तवाचं."

"म्हंजे ह्याला आधी शिजू द्यावं लागतं," आवडाबाई म्हणाली. "मी कच्चंच वाढलं."

त्या हिवाळ्यात सांडूनं तिला शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणून दिला. का, ते त्यानं विचारलं नाही. मुरूम कठीण होता, तीन दिवस लागले. कमरेइतका खोल, दोन पुरुष लांब. आवडाबाईनं त्यात आधी तुरीच्या काड्या पसरल्या, त्यावर पाचोळा, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती, मग बंगल्यावरचं टोपलं, मग चुलीतली राख चिमूटचिमूट. पुन्हा काड्या, पुन्हा शेण. बंगल्याच्या मोरीचं पाणी घागरीनं आणून वरून शिंपडायची. महिनाभर तिचं हेच. खड्डा भरला तशी तिनं वरून मातीनं लिंपून टाकला.

आठवड्यानं तिला राहवेना. आत काय चाललंय ते बघावं म्हणून तिनं लोखंडी पहार लिंपणातून आत खुपसली. थोडा वेळ तशीच ठेवली, मग उपसून तिचं टोक धरलं, आणि पटकन सोडून दिलं. पहार तापली होती. चुलीत घातल्यासारखी नाही, पण हात ठरेना एवढी.

ती तिथंच बसली. वर थंडीचा वारा सुटलेला. खाली आग नाही, धूर नाही, निखारा नाही. राख तर तिनं थंड टाकली होती. मग हे तापलं कशानं?

तिनं सांडूला विचारलं. तो म्हणाला, "उन्हानं." पण दुसरी पहार शेजारच्या मातीत खुपसली तर ती गारच निघाली. लक्ष्मीबाईला विचारलं; ती म्हणाली, "जमिनीच्या पोटात आसतंय काय काय." वहाबभाईला विचारलं. त्यानं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "गरम है मतलब जिंदा है. मुर्दा कभी गरम रहता क्या?"

हे शेवटचं उत्तर तिला पटल्यासारखं वाटलं, पण त्यानं प्रश्न आणखी मोठा झाला. जिवंत म्हणजे काय जिवंत? शेण? पाचोळा?

"किती तापलंय ते कळायला पायजे," ती म्हणाली. "वहाबभाई, एक अंडं द्या."

"खाती तू?"

"नाय. शिजवून बघते."

वहाबभाई खळखळून हसला, पण त्यानं अंडं दिलं. आवडाबाईनं ते फडक्यात बांधलं, दिवस मावळायच्या आत खड्ड्यात हातभर खोल पुरलं आणि वर खूण म्हणून काडी रोवली. सकाळी कामावर जाण्याआधी काढलं. अंडं हाताला चटका देत होतं. ते तिनं तसंच बंगल्यावर नेलं. वहाबभाईनं बशीत फोडलं. पांढरं दह्यासारखं लागलेलं, पिवळं लोण्याएवढं घट्ट.

वहाबभाईनं मीठ घालून ते खाऊन टाकलं आणि बोटं चाटत म्हणाला, "हाफ बॉईल. अंग्रेज साहेब लोगां ऐसाच मंगते थे."

ही गोष्ट बंगल्यावर राहिली असती तर बरं झालं असतं. पण वहाबभाईला ती पोटात ठेवता आली नाही. बाजाराच्या दिवशी त्यानं ती चार जणांना सांगितली, चार जणांनी चाळीस जणांना, आणि शेताला शेत लागून असलेल्या पुंजारामापर्यंत ती पोचली तेव्हा तिचं रूप पार बदललं होतं. सांडूच्या शेतात जमिनीतून वाफ निघते, विस्तव नसताना अन्न शिजतं, जागा जागृत आहे.

पुंजाराम वाईट माणूस नव्हता. त्यानं खड्ड्यावर हात ठेवून बघितला, लिंपणाच्या भेगेतून पहाटेच्या गारठ्यात निघणारी वाफ बघितली, आणि पायातलं पायताण काढून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर हळदकुंकू दिसलं. ते लक्ष्मीबाईनंच वाहिलं होतं. मग नारळ आले. शेजारच्या वाडीच्या बायका सोमवारी येऊन गेल्या. पुंजारामानं दोन दगड आणून ठेवले आणि इथं ओटा बांधू म्हणाला.

आवडाबाईला आधी हसू आलं, मग काळजी लागली. उन्हाळा सरत आलेला. खत रानात पसरायचं, तर खड्डा उघडायला हवा. आणि आता खड्ड्याला फावडं लावायची कुणाची छाती?

"गप ऱ्हा," सांडू म्हणाला. "लोकांच्या मनाला लागंल."

"आवं पण शेण हाय त्ये! मी माझ्या हातानं टाकलंय."

"मला ठावं हाय. त्येंना सांगू नको."

दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी ती पुंजारामाच्या अंगणात गेली. तो खाटेवर बसला होता, आठ-दहा माणसं भोवती.

"पुंजाराम भाऊ, तुमच्या गोठ्यातलं शेण द्याल का? तुमच्याच दारात खड्डा करू. मी सांगते तसं भरा. पाचव्या दिशी पहार तापली नाय, तर मी माझ्या खड्ड्याला हात लावणार नाय. बांधा ओटा."

"आन तापली तर?"

"तापली तर मला माझं खत काढू द्या."

पुंजारामाला त्यात काही वावगं दिसलं नाही. देव त्याच्या दारात येणार नाही, याची त्याला खात्री होती. खड्डा खणला गेला. काड्या, पाचोळा, शेण, गोठ्यातली माती, राख, सगळं आवडाबाईनं सांगितलं त्या क्रमानं गावकऱ्यांनीच टाकलं. वरून लिंपलं.

पाचव्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुंजारामानं पहार खुपसली, थोडा वेळ थांबला, उपसली, टोक धरलं. आणि धरूनच ठेवलं. मग शेजारच्याच्या हातात दिलं. पहार गार होती.

कुणी हसलं नाही, हेच आवडाबाईला जास्त लागलं. माणसं नुसती उठून जायला लागली. लक्ष्मीबाई मान खाली घालून बसली होती. आवडाबाई खड्ड्याशी गेली, लिंपण फोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाचोळा जसा टाकला तसा होता. करकरीत. काड्या वाजत होत्या. तिच्या लक्षात आलं. स्वतःच्या खड्ड्यात ती महिनाभर रोज मोरीचं पाणी ओतत होती. इथं कुणी थेंब टाकला नव्हता. तीच सांगायला विसरली होती, कारण ते पाणी तिच्या हिशेबी कधी खतात धरलंच नव्हतं.

"भाऊ, आठ घागरी पाणी," ती म्हणाली. "आन आजून चार दिवस."

"पाचव्या दिशीचं बोलली होतीस."

"चुकले. पाणी सांगायचं ऱ्हायलं. चार दिवस द्या."

 बाईमाणसानं दहा जणांसमोर चुकले म्हणावं आणि तरी उभं राहावं, हे पुंजारामाला नवं होतं. त्यानं स्वतःच आडातून घागरी ओढल्या.

चौथ्या दिवशी गर्दी नव्हती. पुंजाराम, त्याचे दोन भाऊ, सांडू, लक्ष्मीबाई, आणि बंगल्यावरून उशिरा का होईना चालत आलेला वहाबभाई. पहार खुपसली. पुंजारामानं टोकाला हात लावला आणि "आयला!" म्हणून झटकला. लक्ष्मीबाईनं पुढं होऊन लिंपणावर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"म्हंजे देव इथं बी आला?" तिनं हळूच विचारलं.

"देव कुठं बी येतो आत्याबाई," आवडाबाई म्हणाली. "पण पाचोळा वला लागतो."

लक्ष्मीबाईला हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी आवडाबाईच्या खड्ड्याला पहिलं फावडं तिनंच लावलं. लावण्याआधी हात तेवढे जोडले. खतातून टरफलांचे बारीक तुकडे निघत होते, त्यांच्याकडं तिनं काणाडोळा केला.

आवडाबाईनं खत सगळीकडं पसरलं नाही. सांडूला याचंच नवल वाटलं. बाजरीच्या वीस तासांपैकी, म्हणजे ओळींपैकी, दहा तासांना तिनं खत घातलं आणि दहा कोरी ठेवली. वांग्याच्या दोन वाफ्यांतला एकच घेतला.

"सगळ्यांनाच घाल की," तो म्हणाला. "उरलंय अजून."

"सगळ्यांना घातलं तर कळंल कसं?"

त्या पावसाळ्यात शेताच्या मधोमध जणू कुणी दोरी धरून रेघ मारली. रेघेच्या एका अंगाला बाजरी सांडूच्या खांद्याला लागली, दुसऱ्या अंगाला ती नेहमीसारखी कमरेशी. खताच्या तासांची कणसं वितीपेक्षा लांब होती. मळणी झाल्यावर आवडाबाईनं दोन्ही राशी वेगळ्या ठेवल्या आणि पायलीनं मापल्या. कोऱ्या दहा तासांतून सहा पायल्या निघाल्या, खताच्या दहा तासांतून अकरा. वांगी तर वहाबभाईनं बंगल्याच्या पाहुण्यांना भरून वाढली आणि फर्दापूरचं वांगं म्हणून ऐटीत सांगितली. सांडूनं त्या अकरा पायल्यांच्या राशीत हात घातला, दाणे बोटांतून खाली सोडले, पुन्हा उचलले. तो दाणा दाताखाली चावून बघत होता. त्या रब्बीआधी त्यानं आपणहून दुसरा खड्डा खणला.

ही बातमी ऐकून शेतीखात्याचे आप्पासाहेब सायकल ढकलत शेतावर आले. त्यांच्या पिशवीत पाऱ्याची काचेची नळी होती. ती त्यांनी खड्ड्यात सोडली, बाहेर काढून डोळ्यांशी धरली. "त्रेसष्ट. छान तापलंय."

"साहेब, कशानं तापतंय त्ये?" आवडाबाईनं वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न टाकला.

"सूक्ष्म जीव असतात आत. करोडोंनी. ते पालापाचोळा खातात, वाढतात. त्यांच्या खाण्यातून ही ऊब निघते."

"कसे दिसतात?"

"डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

आप्पासाहेबांनी नळी पुसायची थांबवली. इतक्या गावांत ते हे सांगत आले होते. लोक मान हलवत, व्हय म्हणत. असं कुणी विचारलं नव्हतं. "औरंगाबादला या," ते म्हणाले. "माझा एक मित्र कॉलेजात शिकवतो. तिथं यंत्र आहे. त्यातून दिसतात."

बोलायचं म्हणून बोललेलं ते. पण पंधरा दिवसांनी आवडाबाई आणि सांडू एसटीत बसले. आवडाबाईच्या मांडीवर औषधाची रिकामी बाटली, आत ओलं खत, तोंडाला फडकं बांधलेलं. गाडी घाट चढून अजिंठ्याला आली, तिथून सिल्लोड, फुलंब्री. शेजारच्या बाईनं विचारलं, देवाचा अंगारा का? आवडाबाई म्हणाली, "नाय बाई, खत हाय. दाखवायला नेतेय." ती बाई थोडी सरकून बसली.

कॉलेजातले सर अंगानं बारीक, बोलायला घाईचे. आप्पासाहेबांची चिठ्ठी वाचून त्यांनी या दोघांना खुर्च्या दिल्या. खताचा कण पाण्यात कालवला, थेंब काचेवर घेतला, यंत्राखाली सरकवला, चाक फिरवलं. "या. एक डोळा मिटा. हात लावू नका."

आवडाबाईनं वाकून बघितलं. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेडाचा एक गोल. मग त्या गोलात काहीतरी हललं. पारदर्शक, चपलेच्या तळव्यासारखं, कडेकडेनं घाईत जाणारं. मागून दुसरं. एक धाग्यासारखं वळवळत आलं आणि उजेडातून निघून गेलं. बारीक ठिपके तर इतके, की मोजायला घ्यावेत तर सगळे थरथरत होते. 

"हे जेवतायत?" तिनं डोळा न काढता विचारलं.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

ती बाजूला झाली आणि सांडूला पुढं ढकललं. सांडूनं टोपी काढून काखेत धरली, वाकला. तो इतका वेळ वाकून राहिला की सरांनी घड्याळ बघितलं. शेवटी तो सरळ झाला. 

"एवढ्यांना पोसतोय व्हय आपण?" तो म्हणाला. "आन मला ठावंच नव्हतं."

परत निघण्याआधी ते गुलमंडीच्या बाजारातून गेले. लुगडं घेऊ, असं सांडूच्या मनात होतं. आवडाबाई एका किरकोळ दुकानापाशी थांबली. तिथं घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांसाठी ठेवलेली भिंगं होती. लुगड्याऐवजी तिनं भिंग घेतलं. त्यातून ते ठिपके काही दिसत नसत, पण बुरशीचे पांढरे धागे, मातीतल्या किड्यांचे पाय, मुळीवरचे केस दिसत. गावातल्या बायका शेतावर आल्या की ती भिंग त्यांच्या हातात द्यायची आणि आपण काही सांगायची नाही. "काय दिसतंय त्ये तू सांग," म्हणायची.

दोन वर्षांत गावात तेवीस खड्डे झाले. पुंजारामाच्या खड्ड्यावर लक्ष्मीबाई अजून हळदकुंकू वाहायची, आणि त्याबद्दल आवडाबाईनं तिला कधी टोकलं नाही.

पुढं पांढऱ्या दाण्यांच्या खताची पोती आली तेव्हा लोकांना वाटलं, ही बाई आता भांडेल. तिनं तीन तासांना ते घातलं. पहिल्या वर्षी त्या तासांची ज्वारी तिच्या खड्ड्याच्या खतावरच्या ज्वारीपेक्षा उंच गेली, आणि हे तिनं स्वतः बांधावर उभं राहून सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली. पोत्याच्या खताची ज्वारी आधी माना टाकून बसली. खड्ड्याच्या खताची त्यानंतर आठ दिवस तग धरून राहिली, तोवर पाऊस आला. हेही तिनं दाखवलं. त्यानंतर ती दोन्ही थोडंथोडं वापरायची, नि एक तास नेहमी कोरा ठेवायची.

वहाबभाई थकला तेव्हा त्याला बंगला सोडावा लागला. तो संध्याकाळी काठी टेकत शेतावर येऊन बसायचा. एकदा आवडाबाई गार झालेल्या खड्ड्यातून खत उपसत होती. फावड्याच्या पात्यावर गांडुळांचा पुंजका आला, लालसर, ओला, एकमेकांत गुंतलेला. ह्या मुरमात, सांडूच्या बापाच्या काळापासून, कुणी गांडूळ पाहिलं नव्हतं. जवळची काळी जमीन होती ती ओढ्यापलीकडं, अर्ध्या कोसावर.

"ह्ये कुठून आले?" ती म्हणाली. तिनं एक गांडूळ तळहातावर घेतलं. "चालत आले म्हणावं, तर मधी सगळा खडक. इथं खायला हाय म्हणून ह्यांना सांगितलं कुणी?"

वहाबभाईनं हात पुढं केला. तिनं ते गांडूळ त्याच्या तळव्यावर ठेवलं. दोघंही ते कुठल्या बाजूला जातं, ते बघत बसले.